साडेएकवीस

चहाच्या सुट्टीत नसरीनला मी फोन दाखवला तो मिरवायलाच. लीड्समधल्या आमच्या ऑफिसात जानेवारीत दुसरा विषय नसतो. कुणाचा बॉयलर बंद पडला, कुणाच्या नळात बर्फ झालं, कुणाची आई ऐकत नाही. माझं मात्र सगळं आलबेल होतं. अठरा मैलांवर कीथलीला माझा त्र्याऐंशी वर्षांचा बाप एकटा राहतो, आणि त्याच्या पुढच्या खोलीत किती ऊब आहे हे तिथली एक डबी मोजते आणि मला इथे बसून फोनवर दिसतं. "साडेएकवीस," मी म्हणाले. "कालही तेवढंच. परवाही. बघ ना, ख्रिसमसपासून हलली नाहीये रेघ." नसरीननं तो आलेख बोटानं मागे मागे सरकवला आणि भुवया वर केल्या. "हिलरी, हे घर आहे की दुकानातला फ्रीज? आमची रेघ बघ." तिच्या फोनवर लहान मुलानं डोंगर काढावेत तशी रेघ होती. "पोरांनी मागचं दार उघडं टाकलं की खाली, सासूबाई उठल्या की वर, रात्री तर धाडकन खाली. तुझ्या डॅडच्या घरात माणूस राहतो ना ग?" ती हसली. मीही हसले. "कपाटात ठेवून दिली असेल त्यांनी ती डबी," ती कप विसळत म्हणाली आणि निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. किटलीचं बटण खट् करून वर आलं. मी फोन पुन्हा उघडून ती सपाट रेघ पाहिली.

कारण ही गोष्ट मला नसरीनकडून कळायची गरजच नव्हती. ती मला नवव्या वर्षापासून ठाऊक होती. डॅड कापड रंगवायच्या एका गिरणीत बॉयलर सांभाळायचा, चाळीस वर्षं. शनिवारी त्याचा डबा घेऊन मी जायचे आणि त्या घोंघावणाऱ्या अंधाऱ्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहायचे, कारण दाराच्या आत यायची मला बंदी होती. बॉयलरच्या तोंडाला दोन उभ्या काचेच्या नळ्या होत्या, आत पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या. दोन का, मी विचारलं होतं. "एकीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून," डॅड म्हणाला. आणि त्यातलं पाणी सारखं वरखाली नाचत का होतं? "उकळतंय ना पोरी आतमध्ये. नाचतंय तोवर बरं असतं. काचेतलं पाणी शांत दिसलं ना, तर घाबरायचं. ती नळी तुंबलेली असते. ती तुला कालचं पाणी दाखवत असते, आणि आत टाकी कोरडी पडत आलेली असते." मग तो खालचा चावी-नळ उघडून नळी धुवायचा, वाफेचा फूत्कार व्हायचा, मी कानात बोटं घालायचे, आणि पाणी पुन्हा नाचायला लागायचं. प्रत्येक पाळीला, न चुकता. हे सगळं माहीत असलेली बाई मी, आणि तीन आठवडे एका न हलणाऱ्या रेघेकडे बघून समाधानानं झोपत होते.

डॅडचा फोन पुढच्या खोलीत बुटक्या कपाटावर असतो. तिसऱ्या घंटेला तो उचलतो आणि हॅलो न म्हणता आधी स्वतःचा नंबर म्हणतो, जुन्या पद्धतीनं. मी लावला. आठ घंटा झाल्या, दहा झाल्या. मी ठेवला आणि परत लावला. मग शेजारच्या डोरीन आंटीला लावला. तिच्याकडेही नुसताच वाजत राहिला, आणि मग आठवलं की आज बुधवार. बुधवारी ती बाजारात जाते आणि तिथेच खिमा भरलेली पेस्ट्री नि मटार खाऊन दुपारी येते. तिसऱ्यांदा डॅडला लावला. अँब्युलन्स बोलवावी तर सांगणार काय? माझ्या वडिलांचं घर फारच छान गरम आहे, लवकर माणूस पाठवा? साहेबाला काहीतरी सांगून मी कोट घेतला. जिन्यात पुन्हा फोन उघडून पाहिला. साडेएकवीस. आकड्याशेजारी ते हिरवं पान, आपण इंधन वाचवतोय म्हणून शाबासकीचं.

शिप्लीला रस्त्याचं काम चाललेलं होतं आणि एकेरी वाहतूक. लाल दिव्यापाशी मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली. या अशा थांबण्यात माणसाला स्वतःपासून पळता येत नाही. ऑक्टोबरात ती डबी बसवायचा हट्ट माझा. आई गेल्याला अकरा वर्षं झाली, मी दर दुसऱ्या रविवारी जाते, जात होते, आणि दर वेळी घर थंडगार. "जर्सी घाल की," हे त्याचं उत्तर. लहानपणापासून तेच. वर म्हणायचा, "एका माणसासाठी चार खोल्या कशाला तापवायच्या? चाळीस वर्षं उष्णता खाल्लीय मी, आता उरलेल्या आयुष्याला पुरेल." मग मी कंपनीचा माणूस आणला. त्यानं दोन तासांत बॉयलरला एक खोकं जोडलं, रेडिएटरांना नव्या झडपा लावल्या आणि एक पांढरी डबी, छोट्या स्टँडवर उभी राहणारी, डॅडच्या हातात दिली. ही जिथे असेल तिथली ऊब ही मोजते, त्याप्रमाणे बॉयलर पेटतो नि विझतो, आणि मुलगी फोनवरून सगळं बघू शकते. डॅड खिशात हात घालून उभा होता. "आणि ही चुकली तर ते कुणाला कळणार?" त्यानं विचारलं. "ही चुकत नाही, मिस्टर सग्डन," तो माणूस हसत म्हणाला. डॅडनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. आपला बाप परक्या माणसासमोर म्हातारा दिसू लागला की जी एक लाज वाटते, तिची मला आज लाज वाटते.

दिवा हिरवा झाला, दोन गाड्या सुटल्या, पुन्हा लाल. नोव्हेंबरभर मी त्याला छळलं. सोळाच्या खाली ऊब गेली की माझा फोन गुरगुरायचा आणि मी कुठेही असले तरी, मीटिंगमध्ये, दुकानात, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत, लगेच त्याला लावायचे. "डॅड, काय उघडं टाकलंयस?" "मागचं दार. हवा येऊ देतोय." "लाव ते." "पाच मिनिटं—" "आत्ता लाव, मी बघतेय." मी बघतेय! कुठल्या तोंडानं मी हे म्हणत होते? तो फोन न ठेवता जायचा, दार लावल्याचा आवाज यायचा, मग परत यायचा नि म्हणायचा, "लावलं, साहेब." मला वाटायचं तो चेष्टा करतोय. डिसेंबरात मग गुरगुर थांबली. मी खूश झाले. म्हातारा वळणावर आला. ख्रिसमसला गेले तेव्हा घर उबदार होतं, डबी बुटक्या कपाटावर आईच्या फोटोशेजारी होती. मी त्याचा गालगुच्चाच घेतला. त्यानंतर तीन आठवडे मी गेले नाही. आधी सर्दी, मग पाऊस, मग काही नाही. खरं सांगायचं तर आकडा पाहिला की जाऊन आल्यासारखं वाटायचं. झोपण्याआधी बघायचे, उठल्यावर बघायचे, आणि बापाचं करून झालं असं वाटून हलकी व्हायचे. फोन करणंही कमी झालं. विचारणार काय? मला माहीतच होतं की.

बिंग्लीच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि तेव्हा मला ती सळई आठवली. ही आठवण मी इतका वेळ बाजूला ढकलत होते. डॅडच्या आणि डोरीन आंटीच्या घराची भिंत एक, धुराडंही पाठीला पाठ लावून. तिचा नवरा क्लिफर्ड गेला, मग आई गेली, तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला डॅड शेकोटीतल्या लोखंडी सळईनं मागच्या पत्र्यावर तीन ठोके मारायचा आणि पलीकडून तीन यायचे. झालं. दोघंही जिवंत. कधी ती आधी मारायची. मला ते फार गावंढळ वाटायचं, कैदी बोलतात तसं. शेकोटी तर कित्येक वर्षं पेटलीच नव्हती. त्या धुराड्यातून ऊब पळते, आधी ते बंद करा, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं, आणि मी करून टाकलं. आत लोकर कोंबली, पुढे जाड फळी ठोकली, वर रंगही दिला. "मग ठोके कुठे मारू?" डॅडनं विचारलं होतं. "आता कशाला हवेत, डॅड? मी आहे ना, फोनमध्ये." सळई त्यानं टाकली नाही, पितळी स्टँडवर लटकत ठेवली, शोभेला. मी गाडीत मोठ्यानं "नको, नको" म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे.

साडेबाराला गल्लीत पोचले. पुढच्या खिडकीचे पडदे उघडे होते. जीव एकदम भांड्यात पडला, कारण आमच्या गल्लीत पडदे उघडे म्हणजे घर उठलेलं. सकाळी दहापर्यंत पडदे बंद दिसले तर कुणी ना कुणी दार वाजवतंच. म्हणजे उठलाय, बाहेर गेला असेल, वर्तमानपत्र आणायला. किल्ली फिरवून मी आत गेले आणि पहिल्याच श्वासाची वाफ माझ्या तोंडासमोर उभी राहिली. बाहेर बरं होतं. "डॅड?" रेडिएटरला मी तळहाताची मागची बाजू लावली. हेही त्यानंच शिकवलेलं. तळहात कधीच लावायचा नाही, भाजलं तर तो मिटतो आणि चिकटून राहतो, मागची बाजू आपसूक झटकली जाते. झटकायचं काही कारणच नव्हतं. लोखंड बर्फासारखं होतं.

तो पुढच्या खोलीत होता. सोफा आणि शेकोटी यांच्यामधल्या गालिच्यावर, कुशीवर, पायजमा नि करडी जर्सी घातलेला, एक पाय विचित्र वळलेला. सळई त्याच्या हातात होती. फळीवरचा माझा पांढरा रंग खालच्या बाजूला पंधरा-वीस ठिकाणी उडालेला होता. मी गुडघ्यावर बसले आणि हाताची मागची बाजू त्याच्या गालाला लावली, आणि तो गाल इतका थंड होता की हात खरंच झटकला गेला. मग त्याचे डोळे उघडले. "बुधवार आहे ना?" तो म्हणाला, जीभ जड झाल्यासारखा. "तू बुधवारी कशी?"

बुटक्या कपाटावरच्या फोनवरून मी अँब्युलन्सचा ९९९ लावला आणि तार जमिनीपर्यंत ओढली. पलीकडच्या बाईचा आवाज शांत होता, मला त्याचा राग आला आणि आधारही वाटला. श्वास घेतायत का? घेतायत. बोलतायत? थोडं. "थरथरतायत का?" मी पाहिलं. तो अगदी स्वस्थ पडला होता, इस्त्री करून ठेवल्यासारखा. "नाही," मी म्हणाले, "अजिबात नाही," आणि मला वाटलं ही चांगलीच बातमी आहे. तिकडून भराभर टाइप केल्याचा आवाज आला. "बरं. ऐका. त्यांना उठवू नका, हातपाय चोळू नका. जेवढी पांघरुणं आहेत तेवढी आणा. डोकं झाका. गाडी निघालीय, पण रस्त्यावर बर्फ आहे, अर्धा तास धरा. आणि थरथरायला लागले की लगेच मला सांगा. अंग थरथरणं म्हणजे अंग अजून झगडतंय."

माझा कोट काढून मी त्याच्या छातीवर टाकला आणि वर धावले. पांघरुणं जिथे असतात तिथेच, जिन्याच्या तोंडाशी, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. आमच्याकडे प्रत्येक घरात ते असतं, टाकीच्या उबेत चादरी नि टॉवेल दमट होऊ नयेत म्हणून. दार उघडलं आणि ऊब अंगावर आली. आख्ख्या घरातली तेवढीच, कारण टाकी विजेवर वेगळी तापते. धुतलेल्या सुती कापडाचा वास, आई असल्यासारखा. आणि मधल्या फळीवर, उशांच्या अभ्र्यांच्या दोन नीट घड्यांमध्ये, आपल्या स्टँडवर ऐटीत उभी ती पांढरी डबी. साडेएकवीस. गरम चादरी, टॉवेल, दोन घोंगड्या छातीशी धरल्या आणि ती डबीही उचलली, का ते मला सांगता येणार नाही, आणि खाली येऊन शेकोटीसमोर, त्याच्या डोक्याजवळ ठेवली.

चादरी त्याच्याभोवती खोचत होते तेवढ्यात दारात पिशवीचा आवाज आला. डोरीन आंटी, बाजाराच्या कोटात, डोक्याला रुमाल. "तुझी गाडी दिसली म्हणून—" आणि मग तिनं खाली पाहिलं. "अरे देवा. विल्फ." ती काही विचारत बसली नाही, वळली, स्वयंपाकघरात किटली लावल्याचा आवाज आला, आणि रबरी पिशव्यांत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून ती आली. त्याच्या काखेशी त्या ठेवताना तिची नजर उडालेल्या रंगावर गेली. ती तशीच वाकलेली राहिली. "साडेसातला," ती हळूच म्हणाली. "ऐकलं मी. बद्द, बद्द. मला वाटलं कचऱ्याची गाडी." आणि मग माझ्याकडे न बघता, "पूर्वी कसं खणखणीत ऐकू यायचं." हे तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. टोचायला म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

"ही डबी वर होती," मी म्हणाले. "चादरींमध्ये. तुला माहीत होतं?"

तिनं रुमाल सोडला, हातात चुरगळला. "मी सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं ग."

"आंटी!"

"तो म्हणाला, आमची हिलरी एवढ्यातेवढ्यानं घाबरते. आकडा खाली गेला की काम सोडून फोन करते, एक दिवस नोकरी घालवून बसेल. ही इथे ठेवली की तिला झोप लागते. मी म्हटलं, अरे पण मग तुझ्या खोलीचं काय? तर म्हणाला, मी आजवर काय रेडिएटरवर जगलो?" ती नाकानं सूं सूं करत होती. "तू आली होतीस ख्रिसमसला, तेव्हा आदल्या दिवसापासून खाली आणून ठेवली होती त्यानं. किती तयारी ती. लहान पोरासारखी."

मी डॅडकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्यानं रोज ती नळी धुतली, एकदाही कुणाला खोटं पाणी दाखवलं नाही, त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या हातानं ती तुंबवली होती. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. मी गालिच्यावर त्याच्या पाठीशी आडवी झाले, माझं पोट त्याच्या पाठीला लावलं, हात त्याच्या छातीवरच्या माझ्या कोटावर ठेवला. त्याच्या जर्सीला त्याच जुन्या साबणाचा वास होता. फोनमधली बाई विचारत होती, "काही बदल?" आणि मी म्हणत होते, "नाही. अजून नाही." समोर डबीवर आकडा उतरू लागला होता. वीस. साडेएकोणीस. त्याचा श्वास लांबत होता, एक झाला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. डोरीन आंटी त्याच्या पायापाशी बसून त्याला हाका मारत होती, विल्फ, ए विल्फ, झोपू नकोस रे मेल्या. अठरा. मी त्याच्या कानात बोलत होते, काय बोलत होते ते आठवत नाही, शनिवारचे डबे, दाराबाहेरची मी, कानातली बोटं. पाण्याच्या पिशव्यांची ऊब मला लागत होती, त्याला लागते की नाही कळत नव्हतं. सतरा. आकडा खरं बोलायला लागला होता आणि मला तो बघवत नव्हता.

मग त्याच्या छातीवर काहीतरी गुरगुरलं. माझ्या हाताखाली, कोटाच्या खिशात. माझा फोन. इतक्या आठवड्यांनी. घरातली ऊब सोळाच्या खाली गेली आहे, एवढंच सांगायला.

डॅडचे डोळे उघडले नाहीत. पण ओठ हलले. "फोन," तो म्हणाला. "वाजतोय तुझा."

"वाजू दे."

"उचल, पोरी." आणि पुढचे शब्द तुटत, दातांवर दात आपटत आले, "कु-कुणीतरी... का-काळजीत असेल."

त्याची पाठ माझ्या पोटावर थडथडायला लागली होती. आधी खांद्यापाशी, मग सगळी, उकळी फुटल्यासारखी. मी तार ओढून रिसीव्हर तोंडापाशी धरला, आणि त्या बाईला सांगितलं की लागलेत, थरथरायला लागलेत.